संज्ञापनात पीएच.डी. करायची आहे? आधी प्रश्न सापडू द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : जनसंज्ञापनात (मास कम्युनिकेशन) एम.ए. झाले आहे, त्यानंतर काही वर्षे वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम केले आहे आणि आता ‘सोशल मीडिया आणि खोट्या बातम्या’ या विषयावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. विषय चांगला आहे का? मार्गदर्शक कसा निवडावा? संख्यात्मक पद्धत घ्यावी की गुणात्मक? किती वर्षे लागतात आणि पुढे काय?

विषयापासून सुरुवात करते, कारण बाकीची सगळी उत्तरे त्यावरच ठरतात. तुम्ही जे लिहिले आहे ते एक मोठे क्षेत्र आहे. त्यात निदान पाचसहा स्वतंत्र प्रबंध दडलेले आहेत. प्रत्येकाचे वाचन वेगळे, पद्धत वेगळी आणि मार्गदर्शकही वेगळा लागेल. मार्गदर्शक आणि परीक्षक म्हणून जे अडकलेले प्रबंध माझ्या पाहण्यात आले, त्यांतले बहुतेक याच जागी अडकले होते. विद्यार्थी मेहनती होते, माहितीही ढीगभर जमवलेली होती, पण ती माहिती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जमवली, हे शेवटपर्यंत ठरलेले नव्हते.

तुमचाच विषय घेऊन दाखवते. खोटी बातमी खऱ्या बातमीपेक्षा वेगाने पसरते का, हा एक प्रश्न. सोरुश वोसोगी, देब रॉय आणि सिनान अरल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासून २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे उत्तर ‘हो’ असे दिले. पुढल्याच वर्षी त्याच नियतकालिकात नीर ग्रिनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला : खोट्या बातम्या नेमक्या कोणापर्यंत पोहोचतात? २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातल्या, मतदार म्हणून नोंद असलेल्या ट्विटर वापरकर्त्यांचा त्यांनी अभ्यास केला. अशा स्रोतांशी आलेल्या एकूण संपर्कापैकी ८० टक्के संपर्क अवघ्या १ टक्का लोकांच्या वाट्याला आला होता. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते. तसे ते नाहीत. पहिल्या अभ्यासाचे एकक, म्हणजे ज्याची मोजणी केली ती गोष्ट, बातमी आहे, दुसऱ्याचे माणूस. बातमी वेगाने पसरते आणि तरीही ती बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्या अभ्यासाचे एकक कोणते, हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला बसू नका.

तिसरा प्रश्न मनाच्या आतला आहे : चूक दुरुस्त केल्यावरही ती डोक्यातून का जात नाही? हॉलिन जॉन्सन आणि कोलीन सीफर्ट यांनी १९९४ मध्ये लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत वाचायला दिली. आगीच्या जागी ज्वालाग्राही सामान ठेवले होते असे आधी सांगितले आणि पुढे ती माहिती चुकीची होती असे स्पष्ट केले. दुरुस्ती वाचल्याचे आठवत असूनही आगीचे कारण सांगताना लोक त्या सामानाचा आधार घेतच राहिले. हा प्रयोगशाळेतला प्रश्न आहे आणि त्याला प्रयोगच हवा.

चौथा प्रश्न मला व्यक्तिशः सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. घरच्यांच्या किंवा जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कोणी वडीलधारा माणूस चुकीचा मजकूर टाकतो. तो चुकीचा आहे हे तिघाचौघांना कळते आणि कोणीच काही बोलत नाही. हे गप्प बसणे तंत्रज्ञानातून आलेले नाही, नात्यातून आलेले आहे. त्याचा अभ्यास करायचा तर समोरच्याचा मान राखण्याविषयी अर्व्हिंग गॉफमन यांनी मांडलेल्या कल्पना लागतील, सभ्यतेच्या भाषेवरचे पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचे काम लागेल आणि तासन्‌तास चालणाऱ्या मुलाखती लागतील. इथे लाखो ट्विटांचा काही उपयोग नाही. पाचवा प्रश्न तुमच्या जुन्या नोकरीच्या जवळचा : अफवा हातात आल्यावर ती चालवायची, तपासायची की सोडून द्यायची, हे डेस्कवर कसे ठरते? याच्याकडे पुढे परत येते.

एका नावाखाली इतके परके प्रश्न एकत्र का नांदतात, याचे कारण या शाखेच्या जन्मात आहे. आयोवा विद्यापीठात आणि नंतर इलिनॉयमध्ये संज्ञापनाचे डॉक्टरेट अभ्यासक्रम उभे करणारे विल्बर श्रॅम या शाखेचे चार संस्थापक मानत : हॅरल्ड लासवेल, पॉल लाझर्सफेल्ड, कर्ट लेविन आणि कार्ल हॉव्हलँड. लासवेल राज्यशास्त्राचे, लेविन आणि हॉव्हलँड मानसशास्त्राचे आणि समाजशास्त्रात नाव मिळवणाऱ्या लाझर्सफेल्ड यांची डॉक्टरेट तर गणितातली. चौघांपैकी एकानेही संज्ञापन या नावाची पदवी घेतलेली नव्हती. १९५९ मध्ये बर्नार्ड बेरेलसन यांनी ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’मध्ये हे क्षेत्र आता सुकत चालले आहे असे लिहिले आणि त्याच अंकात श्रॅम यांनी त्याला उत्तर दिले. क्षेत्र सुकले नाही, पण एकसंधही झाले नाही. १९९९ मध्ये रॉबर्ट क्रेग यांनी त्यातल्या सात परंपरा वेगळ्या करून दाखवल्या : वक्तृत्वशास्त्रीय, चिन्हमीमांसक (चिन्हे आणि त्यांचे अर्थ पाहणारी), प्रघटनाशास्त्रीय (माणसाच्या अनुभवातून पाहणारी), सायबरनेटिक (माहितीचे वहन आणि नियंत्रण पाहणारी), सामाजिक-मानसशास्त्रीय, सामाजिक-सांस्कृतिक आणि चिकित्सक. माणसांमधला संवाद का बिघडतो, याचे प्रत्येक परंपरेचे निदान निराळे आहे. एक म्हणते माहितीच्या वहनात अडथळा आहे, दुसरी म्हणते अर्थ लावण्यात, तिसरी म्हणते सत्तेच्या रचनेत.

विद्यार्थ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. तुमचा प्रबंध कोणाशी बोलणार आहे, हे तुम्हाला निवडावे लागते. सातही परंपरांना थोडे थोडे स्पर्श करणारा प्रबंध कोणालाच आपला वाटत नाही. साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण उघडले की हा दोष लगेच दिसतो. एका परिच्छेदात अजेंडा सेटिंग (लोक कशाबद्दल विचार करतात ते माध्यमे ठरवतात, हा सिद्धांत), पुढच्यात मार्शल मॅक्लुहान, त्यानंतर युर्गेन हाबरमास यांचे सार्वजनिक क्षेत्र, मग वापर आणि समाधानाचा सिद्धांत, आणि या सगळ्यांचा पुढच्या प्रकरणांशी काही संबंध नाही. सिद्धांत हे तुमच्या प्रश्नाचे तात्पुरते उत्तर असते. ते चुकीचे ठरले तर तुमच्या माहितीत काय दिसेल, हे जर सांगता येत नसेल तर तो सिद्धांत प्रबंधात शोभेपुरता आहे. काढून टाका, प्रबंध हलका आणि चांगला होईल.

चांगला प्रश्न कसा दिसतो? मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या छोट्या गावात केलेला अभ्यास आजही मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. कोणाला मत द्यायचे हे न ठरवलेल्या १०० मतदारांना त्यांनी विचारले की सध्याचे महत्त्वाचे मुद्दे कोणते. हे मतदार जी माध्यमे पाहत-वाचत होते त्यांत कोणत्या मुद्द्यांना किती जागा मिळाली, हे दुसरीकडे मोजले. दोन याद्यांचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. १९७२ मध्ये तो लेख छापून आला आणि त्यातून ‘अजेंडा सेटिंग’ या संशोधनाची एक अखंड परंपरा उभी राहिली. नमुना फक्त शंभरांचा. आज कोणी शंभर माणसांवर अभ्यास केला तर नमुना लहान म्हणून हिणवतील. पण त्या प्रश्नात एक धार होती. तोवरचे संशोधक माध्यमे लोकांची मते बदलतात का हे शोधत होते आणि परिणाम सापडत नाही म्हणून निराश होत होते. या दोघांनी विचारले की मते राहू द्या, लोक कशाबद्दल विचार करतात ते माध्यमे ठरवतात का?

त्या गोष्टीचा पुढचा भाग पद्धतीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो. दोन याद्या जुळल्या, पण कोणामुळे कोण? लोकांना जे महत्त्वाचे वाटते तेच माध्यमे छापत असतील तर? हे सोडवण्यासाठी १९७२ च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच मतदारांना वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा भेटून पॅनेल अभ्यास झाला, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे पाहता आले. पुढे १९८० च्या दशकात शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी प्रयोग केले. सहभागींना मुद्दाम फेरफार केलेली वार्तापत्रे दाखवली आणि कोणता मुद्दा वाढवला की लोकांच्या मनातला क्रम कसा हलतो ते तपासले. प्रश्न एकाच घराण्यातला, पण सहसंबंध पाहायला सर्वेक्षण आणि आशय विश्लेषण (मजकुरात काय आणि किती आहे ते मोजणे), क्रम पाहायला पॅनेल, कारण सिद्ध करायला प्रयोग. त्यामुळे ‘संख्यात्मक की गुणात्मक’ हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नका. ‘मला आकडेमोड जमत नाही म्हणून गुणात्मक घेते’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांची मला खरोखर काळजी वाटते. चांगले गुणात्मक काम संख्यात्मक कामापेक्षा सोपे नाही. त्यात लपायला जागा कमी असते, कारण तुमचे वाचन, तुमची नजर आणि तुमचे लेखन हीच तिथली उपकरणे असतात.

आशय विश्लेषणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माध्यमांवरच्या प्रबंधांत ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते आणि सर्वाधिक बिघडतेही. बातम्यांचे कोडिंग, म्हणजे ठरवलेल्या नियमांनुसार त्यांची वर्गवारी, एकट्याने करून चालत नाही. निदान एका भागावर दुसऱ्या माणसाने, तुमच्याशी न बोलता, फक्त तुमचे कोडबुक (वर्गवारीच्या नियमांची वही) वाचून कोडिंग करायला हवे आणि दोघांची किती जुळणी होते ते मोजायला हवे. ‘आमची ९० टक्के सहमती होती’ हे वाक्य पुरेसे नाही. समजा १०० पैकी ९५ बातम्यांत तुम्ही शोधत असलेली गोष्ट नाहीच. दोन्ही कोडर बातमी न वाचता, याच प्रमाणात ‘आहे’ आणि ‘नाही’ लिहीत गेले तरी त्यांची सहमती ९० टक्क्यांच्या वर जाते. म्हणून योगायोगाची जुळणी वजा करणारे माप वापरतात. त्यात क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा सर्वांत प्रचलित आहे. त्यांच्याच शिफारशीनुसार तो ०.८०० किंवा अधिक असावा आणि ०.६६७ पर्यंत आला तर निष्कर्ष केवळ तात्पुरते मानावेत. आकडा कमी आला की विद्यार्थी घाबरतात. घाबरू नका, कोडबुक उघडा. ‘सनसनाटी’ म्हणजे काय, हे दोन माणसांना सारखे समजेल इतके तुम्ही लिहिलेलेच नसते. ती व्याख्या पुन्हा पुन्हा लिहिताना तुमची संकल्पना घडते आणि माझ्या मते त्या प्रकरणातला तोच सर्वांत बौद्धिक भाग असतो. आता भाषा मॉडेलकडून (मजकूर वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून) कोडिंग करून घेण्याची सोय झाली आहे. वापरा, पण माणसांनी स्वतंत्रपणे कोड केलेल्या नमुन्याशी त्याची जुळणी दाखवल्याशिवाय नाही. आणि मुलाखतींचे खासगी मजकूर सहभागींची परवानगी नसताना अशा सेवेत टाकू नका.

सर्वेक्षण करणार असाल तर एक धोका आधीच माहीत असू द्या. ‘तुम्ही रोज किती वेळ सोशल मीडिया वापरता?’ या प्रश्नाला लोक प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देतात. २०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये आलेल्या एका मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण) लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणाने नोंदवलेला वापर यांचा संबंध मध्यमच निघाला. वापराच्या तासांवर अख्खा प्रबंध उभा करण्यापूर्वी हे वाचा.

विदा (डेटा) मिळेल का, हा प्रश्न आता विषय निवडतानाच विचारावा लागतो. दहा वर्षांपूर्वी ट्विटर हे संशोधकांचे आवडते मैदान होते, ते मुख्यतः विदा सहज मिळत होती म्हणून. वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या परवानगीविना राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर २०१८ मध्ये फेसबुकने आपली दारे बरीच बंद केली. ट्विटरची संशोधकांसाठीची मोफत सोय २०२३ मध्ये गेली. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिचे, सार्वजनिक पोस्ट कशा पसरतात ते दाखवणारे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम ४० मध्ये पडताळणी झालेल्या संशोधकांना मोठ्या मंचांची विदा मिळण्याची तरतूद आहे, पण त्या मार्गाने जायला संस्थेचे पाठबळ आणि भरपूर संयम लागतो. माझा सल्ला स्पष्ट आहे. एखाद्या कंपनीने उद्या नळ बंद केला तर थांबेल असा प्रबंध घेऊ नका. दुसरी वाट हाताशी ठेवा : मुलाखती, वृत्तपत्रांचे संग्रह, सहभागींनी स्वतःहून दिलेली स्वतःची विदा, न्यूजरूममधले निरीक्षण.

त्याच दमात नीतिमत्तेचे बोलते. बंद मेसेजिंग ग्रुपमध्ये संशोधक आहे हे न सांगता बसणे आणि तिथले संवाद प्रबंधात उतरवणे चूक आहे, मग ग्रुपमध्ये शेकडो लोक का असेनात. ‘सार्वजनिक’ पोस्ट जशीच्या तशी उद्धृत केली तर शोधयंत्रात टाकून लिहिणारा सापडतो, नाव काढले असले तरी. असोसिएशन ऑफ इंटरनेट रिसर्चर्स या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे २००२ पासून आहेत आणि २०१९ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. ती वाचा. नीतिमत्ता समितीचा फॉर्म भरणे हा त्या कामाचा फक्त शेवटचा टप्पा आहे.

आता डेस्कवरच्या तुमच्या वर्षांकडे येते. ती तुमची ताकद आहे, फक्त तिचा वापर नीट करायला हवा. १९४९ च्या फेब्रुवारीत डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी एका दैनिकाच्या वायर संपादकाला (वृत्तसंस्थांकडून आलेल्या बातम्या निवडणाऱ्याला) एक आठवडा नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर नाकारण्याचे कारण लिहायला सांगितले. जवळपास नऊ-दशांश मजकूर नाकारला गेला होता आणि कारणे बरीचशी वैयक्तिक होती. १९५० मध्ये आलेल्या त्या लेखाने ‘गेटकीपर’ (कोणती बातमी आत सोडायची हे ठरवणारा द्वारपाल) ही कल्पना पत्रकारितेच्या अभ्यासात आणली. सहा वर्षांनी वॉल्टर गीबर यांनी अशा १६ संपादकांना पाहिले आणि वेगळाच निष्कर्ष काढला : वैयक्तिक आवडीनिवडीपेक्षा वेळेचे बंधन, जागेचे बंधन आणि यंत्रणेची सवय यांचाच पगडा जास्त. पुढे पॉल स्नायडर यांनी १९६६ मध्ये व्हाइट यांच्याच संपादकाला गाठून तोच अभ्यास पुन्हा केला. हे तुम्हाला का सांगते? कारण अफवा तपासायची की चालवायची हा निर्णय तुम्ही स्वतः रोज घेतला आहे, आणि त्या निर्णयाला आता सोशल मीडियाचे ट्रेंड, प्रतिस्पर्धी वाहिनीचा पडदा, प्रेक्षकसंख्येचे आकडे आणि फॅक्ट-चेकचा विभाग असे नवे घटक जोडले गेले आहेत. गीबर यांचा प्रश्न आज नव्याने विचारण्यासारखा आहे आणि तो विचारायला लागणारा प्रवेश तुमच्याकडे आहे, जो विद्यापीठातून थेट आलेल्या विद्यार्थ्याकडे नसतो.

पण पत्रकारितेतून आलेल्यांना एक सवय सोडावी लागते. बातमीत सर्वांत नवी गोष्ट सर्वांत वर जाते. प्रबंधात ‘हे घडत आहे’ एवढे दाखवून कोणी समाधानी होत नाही. हे आधी कोणी पाहिले, त्याचे काय स्पष्टीकरण दिले, ते कुठे तोकडे पडते, मग तुमचे काय, अशी वाट असते. शिवाय बातमीदार उदाहरण शोधतो, तर संशोधकाला आपल्या म्हणण्याविरुद्ध जाणारे उदाहरणही तितक्याच निष्ठेने शोधावे लागते. जिथे काम केले त्याच न्यूजरूमचा अभ्यास करणार असाल तर जुने सहकारी काय बोलतील आणि काय लपवतील, याचाही विचार पद्धतीच्या प्रकरणात लिहा. तो लपवायचा भाग नाही.

मार्गदर्शक निवडताना नाव आणि पद पाहू नका असे मी म्हणणार नाही, पण त्याआधी तीन गोष्टी पाहा. त्यांचे गेल्या चारपाच वर्षांतले लेख वाचून पाहा. ते ज्या चर्चेत आहेत त्याच चर्चेत तुमचा प्रश्न बसतो का? त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोला. प्रकरण दिल्यावर परत यायला किती वेळ लागतो, टिपा नेमक्या असतात की ‘आणखी वाचा’ एवढेच, विद्यार्थ्याच्या लेखावर त्यांचे नाव कोणत्या नियमाने येते, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि किती विद्यार्थ्यांनी काम पुरे केले, किती मध्येच सोडून गेले, हे विचारा. खूप प्रसिद्ध पण कधीच न भेटणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा कमी प्रसिद्ध पण तुमचे पान लाल शाईने भरून परत देणारा मार्गदर्शक केव्हाही बरा. पहिले पत्र लिहिताना आपली कारकीर्द सांगू नका. त्यांच्या एखाद्या लेखातल्या कोणत्या मुद्द्यावरून तुमचा प्रश्न निघतो ते दोन परिच्छेदांत लिहा आणि सोबत एक पानी आराखडा जोडा.

किती वर्षे लागतात, हे देशावर आणि रचनेवर ठरते. अमेरिकेत साधारण पहिली दोन वर्षे अभ्यासक्रम, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रस्तावाचा बचाव आणि त्यानंतर प्रबंध. पाच वर्षे धरून चाला. तिथे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहायकपदातून शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते. ते नसलेला प्रवेश मी स्वीकारू देणार नाही. ब्रिटनमध्ये बहुधा थेट संशोधनालाच सुरुवात होते, पूर्णवेळ तीन ते चार वर्षे, आणि शेवटी बंद दाराआड अंतर्गत व बाह्य परीक्षकांसमोर व्हायवा (तोंडी परीक्षा). स्वीडनमध्ये डॉक्टरेट ही बहुधा पगारी नोकरी असते, पूर्णवेळ अभ्यास चार वर्षांचा आणि शेवटी खुल्या सभेत नेमलेला विरोधक तुमच्या प्रबंधाची चिरफाड करतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्कसह किमान तीन वर्षे आणि साधारण कमाल सहा वर्षे अशी मुदत आहे. नोकरी सांभाळून करणार असाल तर दर आठवड्याला ठरावीक, कोणी हात न लावणारे तास मिळतील का, याचा हिशोब आजच करा. न्यूजरूमच्या पाळ्यांमध्ये ‘वेळ मिळेल तसे’ करायचे ठरवलेले काम होत नाही.

एकसंध प्रबंध लिहावा की लेखांवर आधारित, अशी निवड अनेक ठिकाणी असते. संख्यात्मक प्रश्न तीनचार लेखांत छान तुटतात. न्यूजरूमचे दीर्घ निरीक्षण किंवा इतिहास मात्र तुकड्यांत मरतो, त्याला पूर्ण प्रबंधाची लांबी द्या. लेख पाठवताना तुमच्या चर्चेचे नियतकालिक निवडा. ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’, ‘न्यू मीडिया अँड सोसायटी’, ‘जर्नालिझम स्टडीज’, ‘पोलिटिकल कम्युनिकेशन’ यांचे वाचक एकसारखे नाहीत. कुठल्या नियतकालिकातले लेख तुमच्या संदर्भसूचीत सर्वाधिक येतात ते पाहिले की उत्तर मिळते. पैसे भरा आणि आठवड्यात छापतो अशी ईमेल करणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. असा एक लेख तुमच्या यादीत पुढे वर्षानुवर्षे राहतो आणि निवड समितीला तो लगेच दिसतो.

परीक्षक म्हणून व्हायवाला मी काय विचारते ते सांगते, म्हणजे आतापासून मनात ठेवता येईल. तुमचा निष्कर्ष चुकीचा असता तर कोणती माहिती मिळाली असती? हीच वृत्तपत्रे, हाच कालखंड, हीच माणसे का? तुमच्या प्रबंधाशी सर्वांत असहमत असलेला संशोधक कोण आणि तो काय म्हणेल? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे असतात त्याची व्हायवा सुखाच्या गप्पांसारखी होते. ‘हा विषय महत्त्वाचा आहे म्हणून’ हे उत्तर कोणत्याच प्रश्नाला पुरत नाही.

पुढे काय, यावर मोकळेपणाने लिहिते. विद्यापीठातल्या कायम जागा जगभर थोड्या आहेत आणि त्यांच्यासाठी रांग मोठी आहे. वृत्तवाहिनीत बढती मिळावी म्हणून पीएच.डी. करत असाल तर करू नका; तिथे तिची किंमत जवळपास शून्य आहे. पण ज्यांना अध्यापनाची ओढ आहे, किंवा प्रेक्षक संशोधन, मंचांच्या धोरणाचा अभ्यास, फॅक्ट-चेकिंग संस्थांमधले संशोधन, सार्वजनिक आरोग्याच्या संदेशांची आखणी अशा कामांकडे जायचे आहे, त्यांना ही वर्षे उपयोगी पडतात. तिथे पदवीपेक्षा तुम्हाला नेमके काय करता येते हे विचारतात. म्हणून प्रबंध करता करता एक पद्धत इतकी पक्की शिका की दुसऱ्याला शिकवता येईल.

तुमच्या जागी मी असते तर प्रवेशाच्या फॉर्मआधी दोनतीन महिने असे घालवले असते. वर सांगितलेल्या पाच प्रश्नांपैकी ज्यावर वाचताना कंटाळा येत नाही असा एक निवडायचा. त्यावरचा अलीकडचा एक चांगला लेख घ्यायचा आणि त्याच्या संदर्भसूचीतून मागे मागे जात वीसेक लेख पूर्ण वाचायचे, सारांश वाचून थांबायचे नाही. प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहायच्या : प्रश्न काय, पाहिले काय, सापडले काय आणि मला न पटलेले काय. मग डेस्कवरच्या दोन जुन्या सहकाऱ्यांच्या प्रायोगिक मुलाखती घ्यायच्या, त्यांना हेतू सांगून आणि संमती घेऊन, पण प्रबंधात वापरण्यासाठी नव्हे. आपला प्रश्न त्यांना कळतो का, आणि त्यांच्या उत्तरात आपल्याला आधीच माहीत नव्हते असे काही येते का, एवढे पाहायचे. काहीच नवे आले नाही तर प्रश्न बदलायचा. या टप्प्यावर तो बदलायला काहीच लागत नाही, नोंदणीनंतर मात्र समितीपुढे जावे लागते. त्यानंतर एक पानी आराखडा लिहायचा, आणि पहिले पत्र ज्यांचे लेख त्या वीसात दोनदा तरी आले त्यांनाच पाठवायचे.